दांड्याचं कॉफीयंत्र आणि आपलं जड पाणी

बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला ज्या घरी दोन शिट्ट्या जास्त लागतात, त्या घरात दांड्याचं एस्प्रेसो यंत्र आलं, तर पहिलं काम कॉफी करण्याचं नाही. पहिलं काम पाणी बघण्याचं आहे. वाशिम जिल्ह्यात आता अशी हौस असलेली माणसं भेटतात. कुणी पुण्याहून नोकरीतून परतताना यंत्र घेऊन येतं, कुणाला परदेशातला भाचा आणून देतो. यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते, ती इटलीतल्या किंवा अमेरिकेतल्या नळाचं पाणी गृहीत धरते. काळ्या कातळातून वर आलेल्या पाण्याचा तिला पत्ता नसतो. तिच्यात लिहिलेलं तंतोतंत पाळूनही यंत्र दीड वर्षात बसतं, ते म्हणूनच. रोजची पुसापुशी कुठेही सारखीच असते. पाणी आणि रबर यांबाबत मात्र आपल्याला आपल्या मुलखाचा विचार करावा लागतो.

लग्नातली एस्प्रेसो आणि ही एस्प्रेसो

आपल्याकडे ‘एस्प्रेसो’ म्हटलं की लग्नाचा मांडव आठवतो. चकचकीत टाकी, सूं सूं करणारी वाफ, फेसाळलेलं दूध, वर चॉकलेटची पूड. ती कॉफी झटपट पावडरीची असते आणि वाफ फक्त दूध तापवते, फेसाळते. मूळ एस्प्रेसोत बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट दाबलेल्या थरातून गरम पाणी जोराने ढकलतात. हवेचा आपल्यावर जेवढा दाब असतो, त्याच्या साधारण नऊपट दाब तिथे लागतो. नुसत्या वाफेने एवढा दाब मिळत नाही. मिलानच्या अकिले गाज्जिया यांनी १९३८ मध्ये वाफेऐवजी पाण्याच्या दाबावर कॉफी काढण्याचं पेटंट घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दांडा ओढून दट्ट्या चालवणारी यंत्रं बाजारात आणली. कपावर येणारा तपकिरी सायीसारखा थर लोकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. मिलानच्याच ला पावोनी कंपनीचं युरोपिकोला हे घरगुती यंत्र १९६१ चं. त्याची घडण आजही जवळपास तशीच आहे.

कॉफीसाठी फार लांब पाहायला नको. महाराष्ट्रात कॉफीचे मळे आहेत ते आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला.

आत काय आहे

ज्याने गावातला हातपंप उघडलेला पाहिला आहे, त्याला हे यंत्र नवं वाटणार नाही. एक नळी, तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या, दट्ट्याच्या खाचेत बसलेले रबरी वॉशर आणि हे सगळं हलवणारा दांडा. हातपंपात दट्ट्या पाणी वर उचलतो, इथे तो पाणी खाली दाबतो. देशभर गेलेल्या इंडिया मार्क-२ हातपंपाचे पूर्वज मराठी मुलखातलेच, जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या बोअर-कामातून तयार झालेले पंप. त्या पंपांनी शिकवलेली गोष्ट इथेही लागू पडते. लोखंड वर्षानुवर्षं टिकतं, हरतो तो वॉशर.

घरगुती यंत्रं तीन तऱ्हेची असतात. पहिल्या तऱ्हेत विजेवर तापणारा छोटा बॉयलर असतो. दांडा वर केला की गरम पाणी कॉफीवर उतरतं आणि खाली दाबला की आपल्या हाताच्या जोराने कॉफी येते. दुसरीत दांडा खाली ओढून स्प्रिंग दाबायची असते आणि दाब ती स्प्रिंग देते. तिसरीत बॉयलरच नसतो. गॅसवर उकळलेलं पाणी वरून ओतायचं आणि दांडा दाबायचा. बॉयलर नसलेल्या यंत्राचा क्षाराचा ताप गॅसवरच्या किटलीत अडकतो, यंत्रापर्यंत पोचत नाही. वीज गेली तरी कॉफी होते. वाशिमसारख्या ठिकाणी पहिलंच यंत्र घेणाऱ्याने हे घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ज्याने बॉयलरचं घेतलं आहे, त्याच्यासाठी पुढचं बरंच काही आहे.

तेलाला सोडा, क्षाराला आंबट

यंत्रात दोन प्रकारचा मळ साचतो आणि त्यांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. एक मळ कॉफीच्या तेलाचा. अरेबिका बीमध्ये वजनाच्या साधारण पंधरा टक्के तेल असतं, रोबस्टात दहाच्या आसपास. गरम पाण्याबरोबर ते थोडं थोडं सुटतं, जाळीवर, कॉफी भरायच्या बास्केटमध्ये, तोटीत पातळ थर धरतं आणि हवा लागून खवट होतं. जुन्या डब्यातल्या शेंगदाण्यासारखा वास कॉफीला आला, की समजावं यंत्र धुवायला झालंय. दुसरा मळ पाण्यातल्या क्षाराचा, पांढरा आणि दगडासारखा. तो बॉयलरमध्ये, कॉइलवर आणि बारीक भोकांत बसतो.

तेल सोड्याने जातं, कारण अल्कलीत त्याचा साबण होतो. क्षार आंबटाने जातो, कारण आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळून त्यातला वायू निघून जातो. फरशीवर लिंबू सांडलं की बुडबुडे येतात, तेच हे. बास्केटवरचा तेलकट थर लिंबाने निघणार नाही आणि बॉयलरमधला पांढरा थर सोड्याने हलणार नाही. यंत्र ‘रोज धुतो’ असं सांगणाऱ्या कितीतरी जणांची चूक इथेच असते. ते एकाच औषधाने दोन्ही रोग बरे करायला बघतात.

कॉफी झाल्यावर लगेच

कप भरला की पोर्टाफिल्टर, म्हणजे मूठ असलेली ती कॉफीची वाटी, तडक काढायची नाही. आत दाब शिल्लक असतो आणि घाईने फिरवली तर गरम गाळ अंगावर, भिंतीवर उडतो. अर्धा-एक मिनिट थांबावं, मूठ किंचित सैल करून दाब जाऊ द्यावा, मग काढावी. गाळ बेसिनमध्ये लोटू नये. तो पाइपात जाऊन बसतो. झाडाच्या मातीत थोडा थोडा मिसळला तर चालतो.

त्यानंतर वाटी न लावता यंत्रातून थोडं गरम पाणी सोडून वरची जाळी धुवायची, ओल्या फडक्याने ती आणि तिच्याभोवतीचं रबरी गॅस्केट पुसायचं. कॉफीचे कण गॅस्केटवर राहिले तर पुढच्या वेळी वाटी नीट बसत नाही. आपण जास्त जोर लावून ती आवळतो आणि रबर वेळेआधी दबून जातं. रात्री वाटी आवळून ठेवू नये, नुसती अडकवावी किंवा बाजूला काढून ठेवावी.

वाफेची नळी हे दुधाचं घर आहे, तिच्याबाबत आळस नको. दूध तापवलं की त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसायची आणि दोन सेकंद वाफ सोडायची. मिनिटभर उशीर केला तर दूध नळीवर भाजून बसतं. नळीचं तोंड दुधात बुडालेलं असताना बॉयलर थंड होऊ देऊ नये. आत पोकळी तयार होते आणि दूध बॉयलरमध्ये ओढलं जातं. तसं झालं तर वास आठवडाभर जात नाही. तोंडाची भोकं बुजली असतील तर कोमट पाण्यात टोक भिजवून बारीक सुईने मोकळी करावीत.

आठवड्यातून एकदा सोडा

दररोज एक-दोन कप होत असतील तर आठवड्यातून एकदा पुरे. बास्केट, जाळी आणि सुटी होत असेल तर तोटी असे धातूचे भाग काढून गरम पाण्यात भिजत घालावेत. एस्प्रेसोसाठी विकतात त्या पावडरीत मुख्यतः सोडियम परकार्बोनेट आणि सोडियम कार्बोनेट असतं. त्यातलं सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. अर्धा लिटर गरम पाण्याला अर्धा लहान चमचा, वीस मिनिटं. खायचा सोडा याला पुरत नाही, तो फार सौम्य आहे. हातात मोजे घालावेत आणि बोटाला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत खळखळून धुवावं.

लाकडी मूठ यात घालू नये. ॲल्युमिनियमचा भाग तर मुळीच नको. सोड्याने तो काळा पडतो आणि खरवडल्यासारखा होतो. स्टीलला काही होत नाही.

हॉटेलातल्या पंपाच्या यंत्रांमध्ये आंधळं, म्हणजे बिनभोकाचं, बास्केट लावून पावडरीचं पाणी उलटं फिरवतात. ते पाहून कुणी घरच्या दांड्याच्या यंत्रावर करायला जातं. करू नका. या यंत्रांत उरलेला दाब सोडणारा व्हॉल्व्ह सहसा नसतो आणि सोड्याचं पाणी दट्ट्याभोवतीचं ग्रीस धुऊन नेतं.

पाणी: काळ्या दगडाचा हिशेब

वाशिम जिल्ह्याच्या पोटात बेसाल्ट आहे. विहीर खणणारे ज्याला काळा पाषाण आणि मांजऱ्या म्हणतात, तोच. त्याच्या भेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हटलंय, आपण जड म्हणतो. एकबुर्जी धरणाचं नळाचं पाणी आणि घरामागच्या बोअरचं पाणी यांत म्हणूनच फरक असतो. तलावाचं पाणी पावसाचं, दगडाशी त्याची ओळख कमी. एका वाड्यातल्या दोन बोअरांचं पाणीही सारखं नसतं. शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालणारा धरला आहे. म्हणजे माणसाला पिण्याजोगं पाणीही यंत्राला जड असू शकतं. समजा, आपल्या पाण्यातून तापताना लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार सुटतो आणि आपण रोज अर्धा लिटर वापरतो. दिवसाला १५० मिलिग्रॅम, वर्षाला पंचावन्न ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास छटाकभर खडू, एका तांब्याएवढ्या बॉयलरमध्ये. सगळाच काही आत चिकटत नाही. पण वाफ नुसतं पाणी घेऊन जाते आणि क्षार मागे ठेवते, म्हणून दूध जास्त तापवणाऱ्यांच्या बॉयलरमधलं पाणी दिवसेंदिवस अधिकच जड होत जातं.

हा थर नुसता कुरूप नसतो. कॉइलवर बसला की उष्णता पाण्यात जायला वेळ लागतो आणि कॉइल स्वतः जास्त तापून जळते. सुरक्षा व्हॉल्व्हमध्ये बसला तर तो नको तेव्हा अडकतो. सुटलेली खपली दट्ट्याच्या नळीत आली की वॉशर कापते.

पाणी तपासायला टीडीएसचं पेन अनेकांकडे असतं. ते सगळे विरघळलेले घटक मोजतं, त्यात मीठही आलं. नेमका कठीणपणा थेंब टाकून मोजायच्या किटने कळतो. काहीच नसेल तर बाटलीत अर्धं पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा किस टाकून हलवावं. डिटर्जंट नको, त्याचा जड पाण्यातही फेस होतो. फेसाऐवजी दह्यासारखा साका आला तर ते पाणी यंत्रात घालू नये.

मग घालायचं काय? कॅनमधलं आरओचं पाणी हे सोपं उत्तर आहे, पण अर्धंच बरोबर. अगदी हलक्या पाण्याची कॉफी सपक लागते, तांब्या-पितळेच्या बॉयलरला असं पाणी हळूहळू खातं आणि काही यंत्रांचा पाणीपातळी ओळखणारा सेन्सर त्यात चालत नाही. कॉफीच्या जागतिक संघटनेने सुचवलेला टीडीएस ७५ ते २५० आहे, आदर्श १५०. आरओचा ३० आणि बोअरचा ६०० असेल तर तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर घेतल्यावर १७० च्या आसपास येतो. हा हिशेब एकदा करून बाटलीवर खूण करून ठेवावी, रोज मोजायची गरज नाही. बोअरचंच पाणी वापरायचं असेल तर ते दहा मिनिटं उकळून, रात्रभर निवू देऊन, वरचं पाणी मलमलीतून गाळून घ्यावं. बायकार्बोनेटचा क्षार भांड्यातच बसतो. सल्फेटमुळे आलेला कठीणपणा उकळून जात नाही, पण जो जातो त्यानेही पुष्कळ फरक पडतो.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. पाणी हलकं करणाऱ्या सॉफ्टनरमधली रेझीन कॅल्शियम घेऊन सोडियम सोडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच काम झिओलाइट नावाच्या खनिजांकडून करून घेत. आणि दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. पाणी जड करणाऱ्या खडकाच्याच पोटात ते हलकं करणारं खनिज आहे.

क्षार काढताना

पाणी सुधारलं तरी चार-सहा महिन्यांनी एकदा आत बघावं. नुसतं बोअर वापरत असाल तर दोन महिन्यांनी. औषध किराणा दुकानात मिळतं, लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरला वीस ग्रॅम, साधारण चार लहान चमचे. व्हिनेगर टाळावं, वास जाता जात नाही.

यंत्र पूर्ण थंड, प्लग काढलेला, वाफेची नळी उघडून दाब शून्य झाल्याची खात्री. त्याशिवाय बॉयलरचं झाकण फिरवायचं नाही. दाब असताना उघडलेलं झाकण उकळतं पाणी तोंडावर फेकतं. मग द्रावण भरून कोमट होईपर्यंतच तापवावं आणि बंद करून वीस-तीस मिनिटं ठेवावं. उकळी आणू नये. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून कडक द्रावण उकळलं तर एक थर काढता काढता दुसरा बसतो. मधे थोडं द्रावण दट्ट्यातून सोडावं. शेवटी रिकामं करून, काही यंत्रं त्यासाठी उलटी करावी लागतात, साध्या पाण्याने तीन वेळा पूर्ण भरून धुवावं.

आंबट रात्रभर आत का ठेवू नये, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात त्या ताक ठेवत नसत. बॉयलर पितळेचा किंवा तांब्याचा असतो आणि तिथेही तेच होतं. धुतलेल्या पाण्यात निळसर-हिरवट झाक दिसली तर ते तांबं आहे. झाक जाईपर्यंत धुवत राहावं. ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर बनवणाऱ्याने सांगितलेलंच औषध वापरावं.

जुनं, कित्येक वर्षं न उघडलेलं यंत्र घेतलं असेल तर एका दिवसात स्वच्छ करण्याचा हट्ट नको. सौम्य द्रावणाने आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करावं. मोठ्या खपल्या एकदम सुटल्या की नळ्या बुजतात.

बाहेरून यंत्र चमकवायला चिंच किंवा पितांबरी घ्यायचा मोह होतो. उघड्या पितळेला ठीक, पण क्रोमचा मुलामा आणि लॅकर त्याने खराब होतात. तिथे मऊ ओलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं.

दट्ट्याचे वॉशर

दांडा करकरायला लागला, मधेच अडखळला, दाबताना जोर भुसभुशीत वाटला किंवा दट्ट्याच्या वरून पाणी झिरपलं, की वॉशरकडे बघायचं. तीन ते सहा महिन्यांनी ग्रीस आणि एक ते तीन वर्षांनी नवे वॉशर, असा साधारण ठोकताळा आहे. लिंबूसत्त्वाची सफाई झाली की ग्रीस हमखास लावावं, आंबट पाणी ते घेऊन गेलेलं असतं.

ग्रीस अन्नाला चालणारं, सिलिकॉनचंच हवं. व्हॅसलीन नको. यंत्रातले काही वॉशर ईपीडीएम रबराचे असतात आणि पेट्रोलियमने ते फुगतात. खोबरेल किंवा तूप तर आपणच खवट करून ठेवल्यासारखं आहे. लावायचं ते इतकं पातळ, की बोटाला चमक दिसावी पण थर दिसू नये.

जुना वॉशर काढण्याआधी फोनवर फोटो काढावा. अनेक यंत्रांत वॉशरला ओठासारखी कड असते आणि ती दाब येतो त्या बाजूला तोंड करून बसते. हातपंपाच्या वाटीवॉशरचं तोंड वर असतं, कारण पाणी वरून दाबतं. उलटा बसवला तर नवा वॉशरही गळतो. काढताना स्क्रू-ड्रायव्हरने उचकू नये, नळीला चरा पडला तर तो कायमचा. लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी वापरावी. ऑइल सीलच्या दुकानात मापाची ओ-रिंग मिळू शकते, पण ती अन्नाला चालणारी आहे का हे दुकानदार सांगू शकत नसेल तर घेऊ नये. यंत्र विकत घेतानाच वॉशरचा एक जास्तीचा संच मागवून ठेवावा.

स्प्रिंगचं यंत्र असेल तर दट्ट्याचा भाग घरी खोलू नये. त्या स्प्रिंगमध्ये माणसाला जखमी करील एवढा जोर दाबून ठेवलेला असतो. वापरतानाही कॉफी न घालता दांडा खाली ओढून सोडू नये. समोर अडवायला काही नसलं की तो उसळून हनुवटीवर बसतो. लहान मुलं जवळ असताना याची विशेष काळजी घ्यावी.

वीज आणि उन्हाळा

बॉयलरचं यंत्र तीन पिनांच्या, चालू अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावावं. सगळं अंग धातूचं आणि आत पाणी, इथे तडजोड नाही. बाजूच्या काचेत पाण्याची पातळी दिसते, ती खालच्या खुणेखाली गेली की यंत्र बंद. कोरडी कॉइल काही मिनिटांत जाते.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे धूळ दारं-खिडक्या मानत नाही. यंत्रावर सुती कापड टाकावं, प्लॅस्टिक नको, आत ओल कोंडते. सुट्टीत महिनाभर गावी जायचं असेल तर बॉयलर पूर्ण रिकामा करून झाकण उघडं ठेवून वाळू द्यावा, वाटी काढून ठेवावी, कपाखालची थाळी कोरडी करावी. परत आल्यावर पहिले दोन बॉयलर नुसतं पाणी तापवून दट्ट्यातून आणि नळीतून सोडून द्यावं. दांडा अडखळत नाही ना, कुठून थेंब येत नाही ना, ते बघावं, आणि मग कॉफी दळायला घ्यावी.